स्क्विड काही फाइली साठवत का नाही? आधी एवढं बघा

स्क्विड म्हणजे वेबवरच्या फाइलींच्या प्रती साठवून (कॅशे करून) ठेवणारा प्रॉक्सी, म्हणजे मधला सर्व्हर. तो काही फाइली साठवत नसेल, तरी सेटिंग बदलायची घाई करू नका. आधी ॲक्सेस लॉग (प्रत्येक मागणीची नोंद असलेली फाइल) उघडा आणि अडलेली एकच फाइल, एकच यूआरएल घ्या. ब्राउझरमधून पुन्हापुन्हा रिफ्रेश करून चाचणी घेऊ नका. ब्राउझर तेव्हा 'ताजी प्रत हवी' असा हेडर (मागणीसोबत जाणारी सूचना) पाठवतो आणि निष्कर्ष चुकतो. कर्लने (कमांड लाइनवरून फाइल मागवायचं साधन) प्रॉक्सीमार्फत तीच फाइल दोनदा मागवा. दुसऱ्यांदाही लॉगमध्ये 'टीसीपी मिस' (साठवलेली प्रत सापडली नाही) आलं, तर खरंच काहीतरी अडतंय.

मग हे तपासा:

- लॉगमध्ये 'कनेक्ट' दिसतंय का? म्हणजे ते एचटीटीपीएस (कूटबद्ध जोडणी) आहे. प्रॉक्सीला आतलं काही दिसतच नाही, साठवणार काय? नवख्यांचा सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो.
- सर्व्हरच्या उत्तरात कॅशे-कंट्रोल हा हेडर बघा. 'नो-स्टोअर' (साठवू नका) किंवा 'प्रायव्हेट' (एकाच वापरकर्त्यासाठी) असेल तर स्क्विड बरोबरच वागतोय.
- फाइल मोठी आहे? 'मॅक्सिमम ऑब्जेक्ट साइझ' (साठवायच्या फाइलीची कमाल मर्यादा) मुळात फक्त ४ एमबी असते. ती वाढवा, पण ती ओळ 'कॅशे डिर'च्या (डिस्कवर कुठे साठवायचं ते सांगणाऱ्या ओळीच्या) वर लिहा. काही आवृत्त्यांत खाली लिहिली तर त्या डिरेक्टरीला लागू होत नाही, आणि हे पटकन लक्षात येत नाही.
- 'कॅशे डिर'ची ओळ कॉमेंटमध्येच राहिली असेल तर डिस्कवर काहीच जात नाही.

इंटरनेटवरचे लांबलचक 'रिफ्रेश पॅटर्न' (प्रत किती काळ ताजी मानायची ते ठरवणारे नियम) सध्या उचलू नका. एखाद्याची खासगी माहिती दुसऱ्याला दिसण्याचा धोका असतो. अडलात तर लॉगमधली ती ओळ आणि उत्तराचे हेडर इथे टाका, नक्की सुटेल.