हेडफोन अँपचा हम: आधी हीटर, मग बी प्लस

प्रश्न थोडक्यात असा: पुढे एक ६डीजे८ (एका काचेत दोन ट्रायोड असलेली ट्यूब) आणि मागे व्हाइट कॅथोड फॉलोअरच्या (एकावर एक दोन ट्रायोडचा, हेडफोनला करंट देणारा टप्पा) तशाच दोन, अशा तीन ट्यूबांचा अँप तुम्ही बांधलाय. सप्लायमध्ये ब्रिज (चार डायोडचा रेक्टिफायर), कपॅसिटर, रेझिस्टर आणि पुन्हा कपॅसिटर एवढंच आहे. ट्यूब तापवणाऱ्या हीटरला थेट एसी दिलाय. ३२ ओहमच्या हेडफोनमध्ये बारीक गुणगुण (हम) ऐकू येते, म्हणून २२० व्होल्टच्या बी प्लसवर (ट्यूबांचा उच्च व्होल्टेजचा डीसी सप्लाय) एलएम३१७ ही रेग्युलेटर चिप बसवायचा विचार आहे; तिला ग्राउंड दिसत नाही, म्हणून चालेल, असं तुमचं म्हणणं.

थांबा. गुणगुण बी प्लसमधूनच येतेय हे कशावरून ठरवलंत? मेन्स ५० हर्ट्झचा असेल तर ब्रिजसारख्या फुलवेव्ह रेक्टिफायरनंतरचा रिपल (डीसीवर उरणारी लाट) १०० हर्ट्झचा असतो आणि तो जरा करकरीत ऐकू येतो. हीटरमधून घुसणारा हम बहुतेक वेळा ५० चा, खोल आणि मऊ असतो. कानांवर भरवसा नसेल तर सहा व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी घ्या, हीटरच्या तारा ट्रान्सफॉर्मरवरून सोडवून त्या बॅटरीला जोडा आणि ऐका. तारांची अदलाबदल अर्थातच मेन्स काढून आणि कपॅसिटर रिकामे झाल्यावर. हम गेला, तर बी प्लसचा रेग्युलेटर कितीही देखणा केलात तरी त्याचा उपयोग नव्हता. माझ्या पहिल्या अँपच्या वेळी मी हे उलट्या क्रमाने शिकलो.

म्हणून हीटरपासून सुरुवात. तीन ६डीजे८ म्हणजे ३६५ मिलीअँपिअर गुणिले तीन, जवळपास १.१ अँपिअर. ट्रान्सफॉर्मरच्या ६.३ व्होल्टच्या वाइंडिंगवर ब्रिज लावून ६.३ व्होल्टचा रेग्युलेटेड डीसी काढायला बरेच जण जातात, पण गणित बसत नाही. पीक ८.९, त्यातून दोन डायोडचे दीड-पावणेदोन व्होल्ट वजा, वर रिपल. एलएम३१७ ला स्वतःलाच दोनेक व्होल्ट लागतात. ९ व्होल्टची वाइंडिंग घ्या. १०,००० मायक्रोफॅरडवर या करंटला रिपल साधारण १.१ व्होल्ट राहतो, म्हणजे मेन्स दहा टक्के खाली गेला तरी रेग्युलेटर तग धरतो. लो-ड्रॉपआउट (इनपुट-आउटपुटमधला कमी फरक पुरणारा) एलटी१०८५ वापरलात तर आणखी निवांत. चार-पाच वॅट उष्णता निघेल, तेव्हा हीटसिंक हवाच. वाइंडिंगचं रेटिंग डीसी करंटच्या किमान पावणेदोनपट घ्या, नाहीतर ट्रान्सफॉर्मर तापेल.

तुमच्या सर्किटमध्ये आणखी एक गोष्ट सहज विसरली जाते. व्हाइट फॉलोअरमधल्या वरच्या ट्रायोडचा कॅथोड (हीटरने तापणारा इलेक्ट्रोड) ११० व्होल्टच्या आसपास बसतो. हीटर ग्राउंडवर ठेवलात तर तो सगळा ताण हीटर आणि कॅथोडमधल्या इन्सुलेशनवर येतो. बी प्लसवरून २२० किलोओहम आणि ४७ किलोओहमचा डिव्हायडर काढा, खालच्या रेझिस्टरला १० मायक्रोफॅरड समांतर लावा आणि तिथे मिळणाऱ्या ३८-३९ व्होल्टला हीटर सप्लायची ऋण बाजू बांधा. म्हणजे हीटर सप्लाय ग्राउंडला दुसरीकडे कुठेही टेकता कामा नये. एसी हीटरवरसुद्धा नुसत्या या उचलण्याने हम बराच उतरतो.

आता बी प्लस. एलएम३१७ ला ग्राउंड दिसत नाही, फक्त इनपुट आणि आउटपुटमधला फरक दिसतो, हे तुमचं म्हणणं खरं. पण त्या फरकाची मर्यादा ४० व्होल्टची आहे आणि सुरू करताना आउटपुटचा कपॅसिटर शून्यावर असतो, त्यामुळे सगळे व्होल्ट चिपवर येतात. १९८० मध्ये नॅशनल सेमीकंडक्टरच्या मायकेल मैदा यांनी यावर तोड काढली होती: चिपच्या पुढे उच्च व्होल्टेजचा ट्रान्झिस्टर ठेवायचा, बहुतेक व्होल्ट त्याने झेलायचे. सर्किट उत्तम आहे, पण हेडफोन अँपला मला ते जास्तीचं वाटतं.

मी मॉसफेट फॉलोअर लावतो: मॉसफेट ट्रान्झिस्टरच्या गेटवर ठरलेलं व्होल्टेज द्यायचं, सोर्सवर म्हणजे आउटपुटवर जवळपास तेवढंच मिळतं. २२० व्होल्टची एसी वाइंडिंग, ब्रिज, ४५० व्होल्टचा १०० मायक्रोफॅरड. लोडखाली २९० च्या आसपास मिळतात. तिथून ३३ किलोओहममधून १०० आणि १२० व्होल्टचे झेनर (ठरावीक व्होल्टेज धरून ठेवणारे डायोड) सिरीजमध्ये, करंट दोन मिलीअँपिअर. झेनर खरखर करतात, म्हणून त्यांच्यापासून ४७० किलोओहम आणि १ मायक्रोफॅरडच्या फिल्म कपॅसिटरमधून व्होल्टेज गाळून गेटकडे न्या. इथे इलेक्ट्रोलिटिक नको, त्याची गळती एवढ्या मोठ्या रेझिस्टरवर व्होल्ट खाते. गेटला अगदी चिकटून १ किलोओहम, नाहीतर मॉसफेट स्वतःच ऑसिलेट होतो. आयआरएफ८४० चालेल, आउटपुट २१६ च्या जवळ येईल. ३५ मिलीअँपिअरला मॉसफेटमध्ये अडीच-पावणेतीन वॅट उष्णता, मेन्स चढला तर साडेतीन.

गेट आणि सोर्समध्ये १२ व्होल्टचा झेनर टाळू नका. माझा मल्टिमीटरचा प्रोब एकदा आउटपुटवरून चेसिसवर घसरला. गेटचा कपॅसिटर भरलेला, सोर्स शून्यावर, आणि मॉसफेट तिन्ही पायांत शॉर्ट. सोर्सच्या वाटेत १० ओहम आणि त्यावर एक एनपीएन ट्रान्झिस्टर बसवला की करंट ६५ मिलीअँपिअरला अडतो. शॉर्टमध्ये तेव्हाही वीसेक वॅट निघतात, म्हणून आधी फ्यूज, आणि हीटसिंक थोडा मोठाच.

पहिल्या कपॅसिटरवर ब्लीडर (बंद केल्यावर कपॅसिटर रिकामा करणारा रेझिस्टर) म्हणून ११० किलोओहमचे एक-एक वॅटचे दोन रेझिस्टर सिरीजमध्ये घाला. दोन का? रेझिस्टरला व्होल्टेजचीही मर्यादा असते, साधा पाव वॅटचा बहुधा २५० व्होल्टपर्यंतच चालतो, म्हणून ताण दोघांत वाटायचा. तरी रिकामं व्हायला दोन मिनिटं लागतात. मीटरवर बघितल्याशिवाय हात घालू नका. चेसिस अर्थिंगला बांधलेली हवी. सिग्नलचं ग्राउंड रेग्युलेटरच्या आउटपुटकडून काढा. पहिल्या कपॅसिटरच्या तारेत चार्जिंगचे मोठे झटके वाहतात, तिथून काढलंत तर हम परत आणाल.

ट्यूबा लगेच खोचू नका. आउटपुटला ६.२ किलोओहमचा, वीस वॅटचा रेझिस्टर लावून अर्धा तास चालवा, हीटसिंक किती तापतो ते बघा. ऑसिलोस्कोप असेल तर कच्च्या (रेग्युलेटरच्या आधीच्या) बाजूच्या रिपलचा तळ मोजा. तो आउटपुटपेक्षा पंधराएक व्होल्ट वर राहिला पाहिजे. हीटर सप्लायचीही तशीच परीक्षा ५.६ ओहम, पंधरा वॅटवर घ्या.