आजीचे फोटो काढ, पण तिला विचारून

प्रिय नात,

तुझी ८६ वर्षांची आजी कराडजवळच्या गावी राहते. सुट्टीला गेलीस की ती वाकळ शिवताना, सुपारी कातरताना, चुलीपुढं बसलेली असताना तू तिचे फोटो काढतेस. न्हाल्यावर मोकळे केस उन्हात वाळवतानाचा एक फोटो तू इन्स्टाग्रामवर टाकलास आणि आत्या भडकली. आता मोबाइल दिसला की आजी पदर डोक्यावर ओढून ताठ बसते. ‘मेल्यावर लावायला काढतीस का गं?’ असंही म्हणाली. फोटो काढणं थांबवू का, असं तू विचारतेस.

थांबवू नकोस. पण तो फोटो इन्स्टाग्रामवरून आजच काढून टाक आणि आजीला तसं सांग. आत्याचा राग तुला जुनाट वाटतो, मला तो रास्त वाटतो. जिनं परक्यापुढं कधी पदर ढळू दिला नाही, तिचे मोकळे केस चारचौघांत दाखवायचे की नाही हे तिनंच ठरवायचं. फोटो कितीही देखणा असो.

आजीचा प्रश्न मात्र हसण्यावारी नेऊ नकोस. तिच्या पिढीतल्या कितीतरी बायकांनी फोटो पाहिले ते स्टुडिओत पडद्यापुढं ताठ उभं राहून काढलेले, नाहीतर भिंतीवर हार घातलेले. या वयात कुणी सारखे फोटो काढतंय ते कशासाठी, हे ती ओळखून आहे. आणि मनातून तूही. ‘तू नसशील तेव्हा मला तू हवी असशील, म्हणून काढते,’ असं सरळ सांग. म्हातारी माणसं मरणाबद्दल मोकळेपणी बोलतात, विषय आपणच बदलतो.

पुढच्या खेपेला निवडक फोटोंच्या ४ बाय ६ इंची प्रिंट घेऊन जा आणि तिच्यापुढं मांड. नको असलेले तिला बाजूला काढू दे, फाडले तरी फाडू दे. उरलेल्यांबद्दल विचार: या वाकळेत कुणाकुणाची लुगडी आहेत? हा अडकित्ता कुठल्या बाजारातला? ती सांगेल ते मोबाइलवर रेकॉर्ड कर, प्रिंटच्या मागं नाव-साल लिही. पुढं कधीतरी वाकळेतला हिरवा तुकडा पणजीच्या लुगड्याचा होता, हे तुझ्याशिवाय कुणालाच माहीत नसेल.

मुंबईच्या छायाचित्रकार सूनी तारापोरवाला यांनी १९७०च्या दशकात आपल्याच पारशी घरातल्या माणसांचे, आजी-आजोबांचे फोटो काढायला सुरुवात केली. वर्षानुवर्षं काढत राहिल्या, आणि त्यातून घटत चाललेल्या एका समाजाची नोंद उभी राहिली. घरच्या माणसांत वावरत, वेळ देऊन केलेलं काम आहे ते. तुला घाई झाली आहे, असं तुझ्या पत्रावरून वाटतं. एका भेटीत सगळं टिपायला जाऊ नकोस.

फ्लॅश नको, डोळ्यांवर येतो. दारातून येणारा उजेड पुरे. तूही खाली, तिच्या शेजारी बस. उभ्यानं काढलेल्या फोटोत म्हातारं माणूस आणखीच खुजं दिसतं. हात कामात असले की तिचं लक्ष मोबाइलकडे राहणार नाही. आणि सुईत दोरा ओवताना ती दोनदा चुकली, तर तिसऱ्यांदा फोटो काढू नकोस, दोरा ओवून दे.

कुठला फोटो घराबाहेर जाईल, हे दर वेळी तिला विचार. गेल्या वेळचा होकार या वेळी चालत नाही. आत्याला फोन तूच कर, पण आधी आजीशी बोलून घे.

तुझी,
ताई