बाधक म्हणण्याआधी घड्याळ बघ

दादर, मुंबई

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली त्या मुलाची पत्रिका आणि तिच्याखाली लाल शाईत लिहिलेलं निदान, दोन्ही वाचलं. 'वृषभ लग्न, शनी बाधकेश, महादशेची १९ वर्षं नोकरीत अडथळे.' पाठांतर चोख आहे. लग्न म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास, तिच्यापासून पत्रिकेतली घरं मोजायची. बाधकेश म्हणजे अडथळ्याच्या, बाधक घराचा स्वामी ग्रह, आणि महादशा म्हणजे एका ग्रहाच्या अंमलाची वर्षं. राशींचे तीन प्रकार: चर लग्नाला अकरावं, स्थिर लग्नाला नववं, द्विस्वभावाला सातवं स्थान बाधक. वृषभ स्थिर, तिची नववी रास मकर, स्वामी शनी. इथवर बरोबर. पण वृषभेला तोच शनी नवमेश आणि दशमेश, नवव्या-दहाव्या घरांचा स्वामी, म्हणजे योगकारक, भलं करणारा. ते कुठे गेलं?

अकरावं घर लाभाचं, नववं भाग्याचं, सातवं जोडीदाराचं. सहा-आठ-बारा ही वाईट घरं हाताशी असताना शास्त्राने बाधा ठेवली ती या चांगल्या घरांत. मला तरी यातच खरी गोम दिसते: जिथून मिळायचं, तिथेच अडकायचं. म्हणून बाधकेश एकटा वाचायचा नसतो. त्याचा षष्ठेश, अष्टमेश, व्ययेशाशी, म्हणजे त्या सहा-आठ-बारांच्या स्वामींशी संबंध आहे का, त्याला बळ किती, हे बघून मग तोंड उघडावं. केरळात प्रश्न विचारल्या क्षणाची प्रश्नकुंडली मांडून बाधकावरून देवकोप, सर्पबाधा शोधतात. कृष्णमूर्ती पद्धतीवाले आयुष्यमानाचा विचार करताना मारकांच्या, म्हणजे मृत्यूशी जोडलेल्या घरांच्या जोडीला बाधक घेतात. तू दोन्हीकडची भीती उचललीस आणि नोकरीला चिकटवलीस.

हसू नकोस, मीही हेच केलंय. गिरगावातल्या चाळीत १९५० साली जन्मलेल्या एका बाईंची पत्रिका मी मांडली होती. मिथुन लग्न आलं, शेवटच्या अंशांत. बाधकेश गुरू, महादशाही गुरूचीच लागणार. सोळा वर्षं जपून राहा, असं मी ठणकावून सांगितलं. बाईंनी मुलीच्या लग्नाची बोलणी थांबवली. पुढे एका जुन्या जाणत्याने विचारलं, "वेळ कुठल्या घड्याळाची?" १९५५ पर्यंत या शहरात मुंबई टाइम चाले, भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. रेल्वे प्रमाणवेळेवर धावायची आणि घरातलं घड्याळ मुंबई टाइमवर. बाईंची वेळ घरच्या घड्याळाची होती. ३९ मिनिटं मिळवली तर लग्न कर्केत गेलं. बाधकेश झाला शुक्र, आणि ज्याच्या नावाने मी त्यांची झोप उडवली तो गुरू निघाला भाग्येश, नवव्या घराचा स्वामी! त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. चहा दिला त्यांनी. मुलीचं स्थळ मात्र हातचं गेलं होतं.

साडेसाती आणि मंगळाची तर बातच सोड. शनी एका वेळी बारांतल्या तीन राशींना धरतो, म्हणजे सकाळच्या विरार लोकलमध्ये साधारण दर चौथा माणूस साडेसातीतला. मंगळाला पाच घरं दिलेली, त्यांतल्या कुठल्याही घरात तो असला की मंगळदोष. एवढ्यांच्या वाट्याला येतं त्याला 'दोष' म्हणून शांतीचे पैसे घ्यायला माझी जीभ रेटत नाही. खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकरांनी २००८ साली घेतलेल्या चाचणीत २७ ज्योतिषी बसले होते. पत्रिका हुशार मुलाची की मतिमंद मुलाची, एवढंच ओळखायचं होतं. सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणं उडवलं तरी तेवढंच येतं. हा आकडा मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय, समोर कोणी रडवेलं बसलं की ते पान उघडतो.

आता तू पाठवलेली पत्रिका. जन्मवेळ लिहिलीस सकाळी ५.३०. लग्न राशीच्या तीसपैकी २९ अंशांवर. लग्नाचा एक अंश सरकायला चारेक मिनिटं लागतात. ५.३६ असेल तर मिथुन लग्न, आणि शनीचा बाधक म्हणून काही संबंधच उरत नाही. इतकी गोल वेळ कोणी सांगितली? हॉस्पिटलच्या कागदावर आहे की आजीच्या आठवणीत, ते त्या मुलाच्या आईला विचार. तोवर त्याला काही सांगू नकोस. रविवारी दुपारी ये, लाल पेन घरी ठेवून.