सांगलीत कोचिंगचं, म्हणजे शिकवणीचं नव्हे तर प्रश्न विचारून माणसाला स्वतःची वाट शोधायला मदत करण्याचं, काम सुरू करताय?

महागडा कोर्स लावायच्या आधी इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन या कोचना प्रमाणपत्र देणाऱ्या जागतिक संस्थेच्या संकेतस्थळावर जा. कोचची आठ मूलभूत कौशल्यं आणि आचारसंहिता तिथं फुकट वाचायला मिळते. दोन दिवसांत ‘मास्टर कोच’ करून देतो म्हणणाऱ्याला लांबूनच रामराम करा. याच संस्थेच्या पहिल्या पायरीला, म्हणजे एसीसी प्रमाणपत्राला, किमान 60 तासांचं प्रशिक्षण, 100 तास प्रत्यक्ष कोचिंग आणि 10 तास मेंटर कोचिंग (अनुभवी कोचकडून आपल्या कोचिंगवर मार्गदर्शन) लागतं. मास्टरला प्रत्यक्ष कोचिंगचे 2500 तास. हिशेब तुम्हीच करा.

तास भरायला माणसं इथंच आहेत: कुपवाड एमआयडीसीतले छोटे कारखानदार, मार्केट यार्डातले हळदीचे अडते. त्यांच्यापुढं रंगीत चक्रं आणि तक्ते मांडलेत तर चहा पाजून वाटेला लावतील. ग्रो पद्धत मात्र चालते. ध्येय काय, आज कुठं आहात, पर्याय कोणते, नक्की काय करणार; वहीचं एक पान पुरतं. सल्ला द्यायची खाज आवरा, हळदीचा भाव त्यांना तुमच्यापेक्षा जास्त कळतो. कर्ज-अनुदानाचा विषय निघाला की जिल्हा उद्योग केंद्राचा रस्ता दाखवा.

पहिल्याच बैठकीत लेखी करार करा: फी, वेळ आणि गोपनीयता. इथं सगळे एकमेकांचे पाहुणे. आतली गोष्ट बाहेर गेली की धंदा संपला.

कुणी ‘जगावंसं वाटत नाही’ म्हणालं, तर प्रश्नावली बाजूला ठेवा, त्याला एकटं सोडू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा मोफत नंबर तिथल्या तिथं लावून द्या आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवा.