‘पोंदो’ ही ‘पोंदुस्’ची पंचमी नव्हे

रोमन इतिहासकार लिव्हीच्या लॅटिन इतिहासाच्या पाचव्या खंडात, रोमवर चालून आलेल्या गॉल टोळ्यांना खंडणी म्हणून द्यायच्या सोन्याचा आकडा ‘मिल्ले पोंदो औरी’ (हजार ‘पोंदो’ सोनं) असा येतो. ‘पोंदुस्’ची, म्हणजे वजनाची, पंचमी ‘पोंदेरे’ होते, मग हे ‘पोंदो’ म्हणजे छापखान्याची चूक का, असं तुम्ही विचारलंय.

चूक अजिबात नाही. ‘पोंदुस्, पोंदेरिस्’ हे नाम तिसऱ्या गणातलं (गण म्हणजे नामं चालवण्याचा प्रकार). ‘पोंदो’ ही दुसऱ्या गणात चालणाऱ्या एका वेगळ्याच नामाची पंचमी आहे. त्या नामाची बाकीची रूपं केव्हाच लुप्त झाली, एवढं एकच तगलं. मूळ धातू मात्र दोघांचा एकच : ‘पेंदेरे’, टांगणे किंवा तोलणे. धातूतल्या ‘ए’चा नामात ‘ओ’ होणं लॅटिनला नवं नाही. ‘तेगेरे’ (झाकणे) वरून ‘तोगा’ झालाच की.

लॅटिनमध्ये तृतीयेचं कामही पंचमीच करते, म्हणून ‘पोंदो’ म्हणजे ‘वजनाने’. संस्कृतातलं ‘सहसा’ ही सहस्-ची तृतीया, हे आता कोणाच्या ध्यानात असतं? तसंच हे गोठलेलं रूप.

तिसऱ्या खंडात हुकूमशहा सिन्सिनाटसला सोन्याचा मुकुट दिल्याचा उल्लेख आहे, तिथे ‘लिब्राम पोंदो’ येतं. ‘लिब्राम’ची द्वितीया मुकुटाशी जुळलेली, आणि ‘पोंदो’ नुसतं ‘वजनाने’. लिब्रा हे रोमन वजनाचं माप; मुकुट वजनाने एक लिब्रा, बस. पुढे ‘लिब्रा’ म्हणायचीही गरज राहिली नाही. आपण भाजीवाल्याकडे ‘पाव द्या’ म्हणतो आणि किलो गृहीत धरतो, तसं. मग ‘पोंदो’लाच लिब्राचा अर्थ चिकटला आणि ते कुठल्याही विभक्तीच्या जागी न बदलता वापरलं जाऊ लागलं. तुमच्या वाक्यात तर ते चक्क प्रथमेच्या जागी बसलंय. तोललेली वस्तू षष्ठीत, म्हणून ‘औरी’. रोमन लिब्रा सुमारे ३२७ ग्रॅमचा, म्हणजे खंडणी सव्वातीनशे किलोंच्या आसपास.

हेच ‘पोंदो’ जर्मानिक भाषांनी फार लवकर उचललं. जर्मनच्या ‘फुंट’मध्ये मूळच्या ‘प’चा ‘प्फ’ झालाय, म्हणजे तो व्यंजनबदल होण्याआधीच शब्द तिथे पोचला होता. इंग्रजीत त्याचाच पौंड झाला. लिहिताना मात्र त्याचा संक्षेप ‘एल-बी’ असा करतात, तो लिब्राचा.

जाता जाता : पौंडासाठी आपल्याकडे पूर्वी चालणारा ‘रत्तल’ अरबी ‘रत्ल’वरून आला, आणि तो ग्रीक ‘लित्रा’वरून आल्याचं मानतात. लिब्रा या लित्राचीच भावंड, आणि दुधाचा लिटरही त्याच घरातला.

शब्दकोशात ‘पोंदो’ शोधताना ‘पोंदुस्’खाली जाऊ नका, बहुतेक कोशांत त्याची नोंद स्वतंत्र असते.