गुहागरला शरदात लग्न करायचंय, फोटो छान यावेत म्हणून मुहूर्त कसा निवडावा?
तुळशीचं लग्न लागेपर्यंत सहसा मुहूर्त धरत नाहीत, म्हणजे ऑक्टोबर बहुतेक गेलाच. नोव्हेंबर अखेर बघा. भटजींना गोरज मुहूर्त आहे का ते आधी विचारा. बाराच्या उन्हात मुंडावळ्यांच्या सावल्या थेट डोळ्यांवर पडतात. त्यात मांडवाला पिवळं कापड असलं की अख्खं वऱ्हाड हळद लागल्यासारखं दिसतं! पांढरंच लावायला सांगा, मांडववाला कुरकुरला तरी.

किनाऱ्यावरचे फोटो आदल्या दिवशी उरका. सूर्य सहाच्या सुमारास बुडतो, तेव्हा पाचला तिथे हजर हवं. भरती-ओहोटीची वेळ मात्र आधी बघा. ओहोटीला ओल्या वाळूत आकाश उमटतं, भरतीला नऊवारीचे काठ भिजतात.