पेन थांबलं तेव्हा

ताई,
मी ४७ वर्षांचा आहे. सात महिन्यांपूर्वी कंपनीने कपात केली आणि १९ वर्षांची नोकरी गेली. बायकोला माहीत आहे, बाकी कुणालाच सांगितलेलं नाही. रोज सकाळी इस्त्रीचे कपडे घालून साडेआठला बाहेर पडतो, दिवसभर वाचनालयात बसून अर्ज पाठवतो, सहाला घरी येतो. माझ्या साडूंना मात्र संशय आलाय. चारचौघांत मुद्दाम विचारतात, "काय साहेब, कंपनी काय म्हणतेय?" मी हसून वेळ मारून नेतो, पण त्या रात्री झोप लागत नाही. आयुष्यात कुणापुढे हात पसरला नाही, कुणाचा पैसा बुडवला नाही. मुलगी आठवीत आहे, गुणी आहे. परवा शाळेचा फॉर्म भरताना वडिलांच्या व्यवसायाच्या रकान्याशी थांबून माझ्याकडे बघत होती, मी "तेच लिही" म्हटलं, तिने मुकाट लिहिलं. सांगायचा मुद्दा, साडूंसारख्या माणसांपुढे मान ताठ ठेवून कसं जगायचं? त्यांना एकदा चांगलं सुनवावं का?
— एक स्वाभिमानी माणूस

साडूंचं नंतर बघू. ते कुठे पळून जात नाहीत.

तुमच्या अख्ख्या पत्रात महत्त्वाची जागा एकच आहे आणि ती तुम्ही जाता जाता उरकलीत. मुलगी रकान्याशी थांबली. का थांबली हो? दरवर्षी भरते ती हा फॉर्म. नाव, पत्ता, जन्मतारीख, वडिलांचा व्यवसाय, झोपेतसुद्धा लिहील. जिला काही ठाऊक नाही ती पोर तिथे थांबणार नाही. तिला माहीत आहे. तुमच्या आणि बायकोच्या कुजबुजीतून कळलं असेल, संध्याकाळी ऑफिसचे फोन यायचे बंद झाले त्यावरून ताडलं असेल. आठवीतल्या मुलांना घरातलं सगळं ऐकू येतं, फक्त आपण हाक मारतो तेव्हा येत नाही.

तर पेन हातात धरून तिने तुमच्याकडे बघितलं. तोंडाने विचारायची हिंमत झाली नाही, म्हणून नजरेने विचारलं. तिने तुम्हाला सांगायची आयती संधी दिली होती. तुम्ही म्हणालात, "तेच लिही." मग तिने आपल्या अक्षरात खोटं लिहिलं. अशा फॉर्मच्या शेवटी बहुधा "वरील माहिती खरी आहे" असं छापलेलं असतं, त्याखाली तुम्ही सही ठोकलीत आणि वर तिला गुणी म्हणून मोकळे झालात. मुकाट्याने लिहिणारी ती मुलगी गुणी असेलही, पण त्या क्षणी ती घाबरलेली होती. बाबांचं काहीतरी असं झालंय की ते कागदावर मांडायचीही लाज वाटावी, एवढंच तिला त्या दोन शब्दांतून समजलं.

मला तुमचा राग आला, हे लपवत नाही. कुणापुढे हात पसरला नाही म्हणता ना? पोरीपुढे पसरलात. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीकडून खोटेपणा उसना घेतलात आणि सही करताना "स्वाभिमानी माणूस" म्हणवून घेता.

रोज घराबाहेर पडता त्याला मात्र मी नावं ठेवणार नाही. ते चालूच ठेवा. १९३०च्या सुमारास ऑस्ट्रियात, व्हिएन्नाजवळच्या मारिएनथाल नावाच्या वस्तीतली कापडगिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव एकदम बेकार झालं. मारी याहोडा या मानसशास्त्रज्ञ बाईने आणि तिच्या सहकाऱ्यांनी तिथे जाऊन बारकाईने पाहणी केली, ती १९३३ मध्ये छापून आली. रिकामा वेळ हाताशी आला म्हणजे लोक जास्त वाचतील, असं कुणालाही वाटेल. झालं उलटंच. वाचनालयातून पुस्तकं नेणं जवळपास निम्म्यावर आलं. या मंडळींनी रस्त्यावरून जाणाऱ्यांच्या चालीची चक्क वेळ मोजली. पुरुष रेंगाळत चालायचे, मध्येच थांबायचे, पुन्हा थांबायचे. बायका झपाझप जायच्या, कारण घरचं काम काही गिरणीबरोबर बंद पडलं नव्हतं. कित्येक पुरुषांनी तर घड्याळ जवळ बाळगणंच सोडून दिलं होतं. नोकरी पगार देते तसा दिवसाला नेम लावते, घराबाहेरच्या माणसांत नेऊन बसवते, आपण कुणाच्या तरी उपयोगाचे आहोत असं वाटायला लावते, हे याहोडा पुढेही मांडत राहिली. तेव्हा तुमची सकाळची दाढी, इस्त्रीचा शर्ट, साडेआठची वेळ, सगळं झकास आहे. माणूस खचू नये म्हणून जे करतो त्याला मी ढोंग म्हणत नाही.

पण मारिएनथालमध्ये लपवायचं काही नव्हतं, सगळ्यांचंच गेलं होतं. तुमच्या घरी लपवणं हेच एक काम होऊन बसलंय आणि तीन माणसं त्यात राबताहेत. बायकोने समजून-उमजून हो म्हटलंय, तिचं ती बघेल. मुलीला कुणी विचारलंच नाही. वर्गात कुणी "तुझे बाबा काय करतात" म्हटलं की तिला आधी मनात हिशेब करावा लागतो, आणि उत्तर देऊन झालं की तोंडावर काही दिसलं का, याची धास्ती. तुम्हाला साडू महिन्या-दोन महिन्यांतून एकदा भेटतो. तिला तो रोज भेटतो, वेगवेगळ्या तोंडांनी.

आज रात्री जेवणं झाली की तिला समोर बसवा. बायकोला पुढे करू नका, तुम्ही बोला. "माझी नोकरी सात महिन्यांपूर्वी गेली. कंपनीने माणसं कमी केली, त्यात मी होतो. दुसरी शोधतोय, अजून मिळाली नाही. परवा तुला तसं लिहायला लावलं, ते माझं चुकलं." एवढंच. शेवटचं वाक्य गिळायचं नाही, खरं तर त्याच्यासाठीच बसायचंय. "तू आता मोठी झालीस" वगैरे प्रस्तावना नको, तुमच्यासाठी मी काय काय सोसलं याची कथा नको. रडू आलं तर येऊ द्या, तिलाही आणि तुम्हालाही. तिला राग आला आणि ती उठून गेली, तरी मागे जाऊन समजावत बसू नका. सात महिने वाट बघितलीय तिने, दोन दिवस तुम्ही बघा.

आणि सकाळी साडेआठला वाचनालयाकडे न वळता शाळेत जा. कार्यालयात तो फॉर्म मागा, कंपनीच्या नावावर रेघ ओढा आणि स्वतःच्या अक्षरात लिहा, "सध्या नोकरी नाही". बाजूला सही करा. टेबलापलीकडच्या बाई कदाचित मान वर करून बघतील. बहुतेक बघणारही नाहीत, त्यांच्यापुढे अशा कागदांचा गठ्ठा असतो.

आता साडू. सुनवायची काही गरज नाही. पुढच्या वेळी "कंपनी काय म्हणतेय" आलं, की आवाज न चढवता सांगा, "नोकरी गेली माझी. तुमच्या ओळखीत कुठे जागा असेल तर कळवा." त्यांच्या हातातला दगडच तुम्ही काढून घेतला, मग ते मारणार काय? शिवाय यात तुमचा रोकडा फायदा आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं होतं, की ही जागा तुम्हाला कुणाकडून कळली. त्याचा लेख १९७३ मध्ये आला. ओळखीतून काम मिळालेल्यांपैकी बहुतेकांना ते जिवलग दोस्ताकडून कळलेलं नव्हतं, अधूनमधून भेटणाऱ्या माणसाकडून कळलं होतं. जिवलगांना जे ठाऊक ते आपल्यालाही ठाऊक असतंच, लांबच्या माणसाची ऊठबस निराळ्या लोकांत असते. तुम्ही नेमक्या याच माणसांना सात महिने सांगत आलात, की आमचं उत्तम चाललंय. मग तुमच्यासाठी शब्द टाकणार कोण?

मुलगी बहुधा एक प्रश्न विचारेल, "मैत्रिणींना सांगितलं तर चालेल?" इथे अडखळू नका. "तुला वाटेल तिला सांग," असं म्हणा. "पण जरा जपून" हे शेपूट जोडायचं नाही.